नंदीची उजवी बाजू

हट्टा, जिल्हा बालाघाट
२४ जून

श्रुतिका पोरी,

तुले आशीर्वाद. मी सांगून राह्यली आणि तुही अंजनाकाकू लिहून राह्यली. तिले म्या बजावलं आहे, माह्या तोंडातून जे निघन तेच लिहायचं, आपलं शाळेतलं शहाणपण मधात घालायचं नाही. मागच्या खेपेले तिनं "आपली प्रकृती उत्तम असावी अशी आशा आहे" असं लिहून धाडलं. तुले वाटलं असन, म्हातारी गेली आणि तिच्या जागी तहसीलदार बसला. अंजना, हे काहून लिहून राह्यली? बरं, लिहिलं तं लिहिलं.

फोन आहे घरात. पण फोनवर तुहा आवाज येते आणि तू दिसत नाही, तं तुहे आबा बावरतात, सारी खोली धुंडाळत राहतात डोळ्यानं. पत्र वाचलं तं निवांत ऐकतात. पुन्हा वाच म्हणायचं असन तं डाव्या हातानं खाटेवर थाप मारतात. बोलणं तं बंदच आहे. म्हणून पत्र.

आता कामाचं. चैतात त्यायची उजवी बाजू लुळी पडली तवा ते मांडीवर मयुरीचा लाकडी नंदी कोरून राह्यले होते. यंदा तान्ह्या पोळ्याले तुही ही चुलतबहीण पहिल्यांदा आपला नंदी ओढत घरोघरी खाऊ-पैशाचा बोजारा मागाले जाईन. तू गेलती तवा माह्या पदराले धरून गेलती, आणि बोजाऱ्याची जिलेबी घरी येईपर्यंत तुह्या पोटात होती.

तं नंदीची डावी बाजू पुरी झाली आहे. डोळा, कान, मानेच्या घड्या, गळ्याखालची पोळी, सगळं. उजवी बाजू नुसता शिवणीच्या लाकडाचा ओंडका. दारातून पाह्यलं तं बैल, चुलीकडून पाह्यलं तं लाकूड. आणि मी चुलीकडेच असते.

बसचा कंडक्टर प्रेमलाल नागपुरातून एक रंगवलेला नंदी घेऊन आलता. आबांनी भिंतीकडे तोंड केलं. वारासिवनीच्या सुताराले बोलावलं, तो आबांकडे पाहून म्हणे, "महागूबाच्या कामावर मी पटाशी नाही चालवत, माह्यानं होत नाही." चहा पिऊन गेला.

काल दुपारी डोळा लागला तं नंदी सपनात आलता. वैनगंगेच्या धुक्यातून येऊन राह्यला, अर्ध्या अंगानं, जसा आठमीचा चांद येते. बाकीचं अंग कुठं गेलं, म्या विचारलं. तो म्हणे, येऊन राह्यलं मागून.

तुहं मशीन लोखंड कापते म्हणते. अर्धा बैल पुरा करते का? तान्ह्या पोळ्याच्या आत सांगजो. आबा त्या ओंडक्याकडे पाहत बसतात आणि मले ते पाहवत नाही. अंजना, हे शेवटचं लिहू नको.

तुही आजी,
रुख्माबाई

■

हिंगणा, नागपूर
३ जुलै

आजी,

तुझ्या पाया पडते. आबांच्याही, पण हळूच, गुदगुल्या होतील.

पत्र कॅन्टीनमध्ये वाचलं आणि मोठ्यानं हसले. मग शेवटची ओळ वाचली. काकू, तुम्ही लिहिलीत ते बरं केलंत.

होईल, आजी. साहेबांना विचारलं. सुट्टीच्या दिवशी मशीन घे म्हणाले, फक्त लाकडाचा भुसा आत राहिला तर तूच जिभेनं चाटून काढ. पण कसं करायचं ते ठरवावं लागेल, आणि ते आबांनाही ऐकवा.

मशीनला हात आहे, अक्कल नाही. कुठं जायचं, किती खोल उतरायचं, किती सावकाश, सगळं आधी लिहून द्यावं लागतं. त्याला प्रोग्राम म्हणतात. तो लिहायच्या तीन वाटा आहेत. एक, मशीनच्या पॅनलवरच. ते विचारतं, भोक केवढं, खोल किती, आपण बोटानं सांगत जायचं. सरळ कामाला छान, पण बैलाच्या मानेबद्दल ते काही विचारत नाही. दुसरी, हातानं. एकेक चाल आपण स्वतः लिहायची, ओळीखाली ओळ. मला येतं, पण वाकड्यातिकड्या अंगाला फार वेळ लागतो आणि एक आकडा चुकला तर टूल सरळ लाकडात घुसतं. तिसरी वाट कॉम्प्युटरची. त्याला आकार दाखवला की हजारो ओळी तोच लिहून देतो.

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर वीरेंद्र बसतो. तो म्हणतो, टेन्शन काहून घेते? आबांनी कोरलेल्या बाजूचा आकार कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेऊ आणि त्याला सांगू, आरशात दिसते तशी दुसरी बाजू कर. डावीची उजवी. वीरेंद्र म्हणतो, चहा थंड व्हायच्या आत होईल.

मलाही तेच बरं वाटतंय. ओंडका एकच आहे, आजी. बिघडला तर दुसरा आणता येईल, पण आबांची डावी बाजू दुसरी येणार नाही.

आबांना विचार, आरसा चालेल का? आणि प्रेमलालकाकांच्या बसमध्ये नंदी ठेवून दे.

तुझी,
श्रुतिका

■

हट्टा
११ जुलै, आखाडीचा दुसरा दिवस

पोरी,

नंदी प्रेमलालच्या बसमध्ये बसला. पोत्यात गुंडाळला आणि खिडकीची जागा दिली. प्रेमलाल म्हणे, अर्धा आहे तं अर्धंच तिकीट घेतो. खरंच फाडलं. मयुरी बसमागं रडत गेली, तिले वाटलं नंदी नोकरीले चालला.

तुहं पत्र अंजनानं वाचलं. मशीनले अक्कल नाही, लिहून देईन तेच करते, हे ऐकून मले लय गंमत वाटली. म्हणजे तुहं मशीन म्हणजे आमची अंजनाच. (आई, मी हे पण लिहितेय. – अंजना)

आणि त्या वीरेंद्राचं नाव पत्रात बैलाहून जास्त वेळा आलं आहे. कुठला आहे तो? चहा थंड होऊ देत नाही म्हणते, म्हणजे माणूस घाईचा दिसते. इच्चारून ठेवते, बाकी काही नाही.

आता आबांचं. आरशाची गोष्ट आली तशी त्यायनं खाटेवर थाप मारली. अंजनानं पुन्हा वाचलं. पुन्हा मारली, जोरानं, पाण्याचा गिलास पडला. म्हणजे पसंत आहे. इतक्या दिसात त्यायले असा जोर आला नव्हता. अंजना म्हणते, आई, मले तं हा त्यायचा राग वाटते. म्या म्हटलं, तू या घरात काल आली, मी त्यायची थाप ओळखते.

आणि मलेही सपन पडलंच होतं. पाह्य कसं जुळते. नंदी आपल्या बावलीच्या पायऱ्या उतरून राह्यला होता, खाली खाली, जिथं पाणी काळंशार आणि गार आहे. वाकला तं पाण्यात त्याचं बाकीचं अंग दिसलं. पुरा बैल! अर्धा वर, अर्धा पाण्यात. मी पायरीवर बसून पाहून राह्यली होती आणि माह्या पायाले मासे लागून राह्यले होते. जागी झाली तं पाय खरंच गार होते. तं पाण्यातला आरसा झाला ना हा? देवानंच सांगितलं.

कर आरसा. कोण पाहते दोन्ही बाजू एका वेळी?

आबा बरे आहेत. जेवतात.
(आई खोटं सांगतात. नंदी गेला तसा कोपरा रिकामा झाला, बाबा त्या कोपऱ्याकडेच पाहतात, ताट परत येतं. लवकर कर बेटा. – अंजना)

आजी

■

हिंगणा
३१ जुलै

आजी,

उशीर झाला, कारण मी मशीन चालवलंच नाही. रागावू नको. आधी ऐक, आणि आबांना जवळ घेऊन ऐक.

वीरेंद्रनं डावी बाजू कॉम्प्युटरमध्ये उतरवली. मग आरसा केला. खरंच चहा थंड झाला नाही. स्क्रीनवर पुरा नंदी उभा राहिला, काळ्या अंधारात चांदीसारखा, आणि वीरेंद्र त्याला बोटानं गोल गोल फिरवत होता. तुझ्या बावलीतला बैल असाच दिसला असेल. मी पाहत राहिले. सुंदर होता आणि मला त्याची भीती वाटली. म्हणजे तोच घाबरलेला वाटला. का ते कळेना.

मग नंदी समोरून आला आणि दिसलं. आबांच्या नंदीनं मान जराशी डावीकडे वळवलीय. म्हणून त्या बाजूच्या मानेला घड्या आहेत. आरशानं त्याच घड्या उजवीकडेही टाकल्या. आता दोन्हीकडून कातडी गोळा झालेली, म्हणजे मान आत ओढून घेतलेली. कोणी काठी उगारली की बैल करतो ना, तसं. आणि तोंड मधोमध चिमटल्यासारखं. डोळे दोन दिशांना, कोणाकडेच पाहत नाहीत.

वीरेंद्र म्हणाला, खेळण्यात कोण बघतं? मी म्हटलं, लेकरू बघतं, त्याच्या डोळ्याच्या उंचीवरच असतो तो. मग त्यानं स्वतःच मानेवरचा आरसा काढून टाकला. चांगला आहे, आजी. घाईचा नाही.

तर मान मी हातानं लिहायची ठरवलीय, ओळीखाली ओळ. पण काय लिहू? आबांचे सगळे नंदी असेच डावीकडे पाहतात, तेव्हा त्यांची उजवी बाजू कशी असते, ते मी कधी नीट पाहिलंच नाही. लहानपणी मी माझ्या नंदीची दोरी धरून त्याच्या डाव्या अंगाला चालायचे, मला तोच डोळा माहीत आहे. आबांच्या सगळ्या नंदींना तेल तू लावायचीस. तू सांग. आणि आकड्यात सांग, कारण मशीनला "थोडंसं" कळत नाही.

तान्हा पोळा तेवीसला आहे. जमलं नाही तर तसाच अर्धा परत पाठवीन, घाबरलेला पाठवणार नाही.

श्रुतिका

■

हट्टा
६ ऑगस्ट

पोरी,

तुहं पत्र वाचून होईपर्यंत आबा हलले नाहीत. "काठी उगारली की बैल करतो तसं" इथं अंजना आली, तं त्यायनं खाटेवर हात ठेवला. मारला नाही, ठेवला. आणि डोळे मिटले. तवा मले समजलं की त्यायचा होकाराचा हौ कसा असते, आणि मागच्या टायमाले गिलास पडला तो काय होता. पण चूक म्हाताऱ्याचीच आहे. राग होता तं रागासारखा आपटावा की गिलास. (आई, गिलास रागासारखाच पडला होता. – अंजना)

म्या इच्चारलं, सांगा बाप्पा, उजवीकडून मान कशी? त्यायनं तोंड डावीकडे फिरवलं आणि माहा हात धरून आपल्या उजव्या मानेवर ठेवला. मले वाटलं मान आखडली. म्या तेल कोमट करून आणलं आणि चोळाले बसली. त्यायनं माह्याकडे असं पाह्यलं, जसं लगीन झाल्यावर पहिली भाकर करपवली तवा पाह्यलं होतं. मी चोळतच राह्यली. आणि चोळता चोळता माहा हात थांबला. श्रुतिका, ही मान म्या ओळखली. नंदी पुरा झाला की जवसाचं तेल लावाले माह्याकडेच येत होता, दरसाली, आणि उजवीकडून तो असाच लागे हाताले. कानामागून निघते एक शीर, ताठ, आणि सरळ खांद्याच्या मुळाशी जाते. तिच्या खाली खोलगा. घडी एकही नाही. सारी कातडी तिकडे गेली, जिकडे तो पाहून राह्यला.

तवा लिही. शीर कानामागं बारीक, मधात जाड, खांद्यापाशी पुन्हा बारीक, जशी वात वळतो तशी. खोलगा किती? मयुरीच्या गालावर बोट दाबलं की जितकं आत जाते तितका. तुह्या मशीनले गाल माहीत नसन तं तू आपली मान डावीकडे कर आणि उजवीकडे हात लाव. तुहे आकडे तूच मोज, मले आकडा म्हटलं की बाजार आठवते.

पोट दोन्हीकडे सारखंच, भरलेलं. तिथं तुह्या वीरेंद्राचा आरसा लाव, त्याचंही मन राहीन. शेपूट उजव्या मांडीवर टाकलेलं आहे, माशी हाकलून दमल्यासारखं. उजवा कान उभा ठेव, मागून कोण येऊन राह्यलं ते ऐकते तो. नाही, थांब. कान पाडलेलाच असे. मागं, निवांत. आता काय करावं? हाताले दोन्ही आठवतात.
(आईंनी कान दोनदा वेगळा सांगितला. बाबांना विचारलं तर ते हसल्यासारखे झाले, अर्ध्या ओठानं. मी दोन्ही लिहिलं. – अंजना)

सपन पडलं नाही. तेलाचा हात घेऊन तिथंच झोपली, खाटेच्या पायाशी. पण झोपेतही हाताखाली ती शीर चालूनच राह्यली होती, जसा बैल चालते तवा चालते.

आजी

■

हिंगणा
१८ ऑगस्ट

आजी, आबा, काकू,

नंदी उद्या सकाळच्या बसनं निघतोय.

पंधरा ऑगस्टला झेंडा झाल्यावर वीरेंद्र सोडून सगळे घरी गेले. कारखान्यातली एवढी मोठी शॉप आणि एकही मशीन चालू नाही. कबुतरांचे पंख ऐकू येत होते. आबांची बाजू खाली घेतली, प्लास्टिकमध्ये गुंडाळून प्लास्टरच्या गादीत निजवली, अंगावर ओरखडा यायला नको म्हणून. मग शून्य ठरवलं. मशीन सगळं मोजणं एका ठिकाणापासून सुरू करतं, ते आपण दाखवायचं असतं. मी वशिंडाच्या मुळाशी ठेवलं, जिथं आबांचा अंगठा राहायचा. तिथं लाकूड किंचित बसलंय, बोट आपोआप जातं.

पोट आणि मांड्या कॉम्प्युटरच्या, आरसा करून. चाकांच्या दांड्याची भोकं पॅनलवर, ते विचारत गेलं, मी सांगत गेले. मान हातानं. एक ओळ लिहायची, मान डावीकडे करायची, उजवीकडे बोट लावायचं, मोजायचं, पुढची ओळ. वीरेंद्र दारात उभा राहून हसत होता. मग तो म्हणाला, माझी मान घे, तुला दोन्ही हात मोकळे राहतील. त्याबद्दल तू पत्रात काय लिहिणार आहेस ते मला माहीत आहे, लिहू नको.

पहिल्यांदा टूल लाकडापासून वर, हवेत चालवून पाहिलं. काही न कापता मशीन सगळी मान हवेत काढत होतं, वरून खाली, पुन्हा वर. जणू झोपलेल्या कोणाला उठवायचं नाहीये. मग खाली उतरवलं. लोखंडाच्या शॉपमध्ये शिवणीचा वास सुटला, आजी. उन्हाच्या पट्ट्यात भुसा तरंगत होता आणि त्यात हळूहळू ती शीर वर आली. मी आकडे लिहिले होते, तरी ती वर येताना मला ओळखीची वाटली.

कान मात्र केला नाही. तू उभाही सांगितलास आणि पाडलेलाही. मशीनला दोन्ही सांगता येत नाही, आणि मला एक निवडवेना. तिथं लाकडाचा गड्डा तसाच सोडलाय, दोन्हीपैकी कुठलाही निघेल एवढा. गावात कोणी करत असेल तर बघ. नाही तर आंब्याची पानं बांध, झाकून जाईल.

मला सुट्टी नाही. नंदीचं काय झालं ते लगेच लिही. आबांनी थाप मारली तर कशी मारली तेही लिही, आणि अर्थ काकूंना लावू दे.

श्रुतिका

■

हट्टा
२४ ऑगस्ट, तान्ह्या पोळ्याचा दुसरा दिवस

श्रुतिका पोरी,

प्रेमलालनं पुरं तिकीट फाडलं. म्हणे, आता पुरा आहे, अर्ध्यात बसवलं तं मालक ओरडन. आणि फडक्यातून नंदी काढला तं आधी प्रेमलालच बस थांबवून पाहत बसला, जो कंडक्टर आहे.

नंदी आबांच्या पोटावर ठेवला. त्यायनं डाव्या हातानं आपली बाजू पाह्यलीच नाही. हात पलीकडून नेला, तुह्या बाजूनं. पोटावरून भरभर गेला. मांडीवरून गेला. मानेवर आला तवा बोटं सावकाश झाली. कानामागून खांद्यापर्यंत गेला, पुन्हा वर गेला. म्या काय काय सांगितलं होतं देवाले माहीत. मग तो हात कानाच्या गड्ड्यावर आला आणि तिथंच राह्यला. थाप मारली नाही. जेवले त्या दिवशी. अंजना, काय काय जेवले ते लिही. (वरणभात, दोडक्याची भाजी, आणि मयुरीच्या ताटातला पापड. – अंजना)

काल तान्हा पोळा. अंजनानं नंदीले झूल घातली, शिंगाले बेगड लावली, मयुरीनं दोरी धरली. म्या आबांची खाट दारात आणवली. पहिला बोजारा घरच्याचाच. मयुरी डाव्या अंगानं चालत आली आणि श्रुतिका, नंदी तिच्याकडे पाहत आला. लाकडाचा आहे, मले माहीत आहे. पण तिच्याकडेच पाहत आला.

खाटेपाशी येऊन ती म्हणे, "बोजारा द्या आबा!" आबांनी डावा हात पुढं केला, उघडा. मी समजली, यायच्यापाशी द्यायले काही नाही. म्या त्यात पेढा ठेवला. फेकला. म्या म्हटलं, नाणं पाहिजे असन, आणि नाणं ठेवलं. तेही फेकलं, मयुरीनं उचललं, तिचं चांगभलं झालं. मी लाडू आणाले वळली तं अंजना म्हणते, "आई, थांबा." आत गेली आणि त्यायची पटाशी आणून त्या हातावर ठेवली. मूठ मिटली.

आता पटाशी डाव्या हातात, आणि ठोकणार कोण? उजवा तं मांडीवर पडला आहे, जसं दुसऱ्याचं सामान. माह्याकडे पाहतात. म्या म्हटलं, माह्याकडे काहून पाहून राह्यले, म्या आयुष्यात मोगरी धरली नाही, मी तेलवाली आहे. पाहतच राह्यले. सारी गल्लीतली लेकरं आपापले नंदी घेऊन आली आणि तेही पाहून राह्यले. मग म्या मोगरी उचलली. मयुरीनं नंदीचं पोट धरलं. ते पटाशी ठेवत, मी ठोकी. पहिला घाव लय जोराचा झाला आणि कानाचं टोक उडून अंजनाच्या रांगोळीत पडलं. तं उभा कान गेला. मनात म्हटलं, आता पाडलेलाच होणार, ठरलं एकदाचं. दुसऱ्या घावाले त्यायनं माह्याकडे पाहून डोळे बारीक केले, म्हणजे हळू. हे म्या बरोबर ओळखलं, अंजनाले इच्चार.

कान झाला. आखूड आहे, जरा वाकडा आहे, मागं पडलेला आहे. तुह्या मशीनच्या मानेवर तो असा दिसते, जसा कोणाचा उसना आणून लावला. मग आबांनी खाटेवर थाप मारली. कशी मारली ते सांगते. पटाशी धरलेल्या हातानं मारली, खाटेले खाच पडली. मी अर्थ लावला नाही. लेकरं ओरडली आणि वरात पुढं गेली.

आज सकाळपासून पटाशी त्यायच्या उशाशी आहे, आणि मोगरी कुठं आहे म्हणून दोनदा इशारा झाला. मी म्हटलं, मले स्वैपाक आहे. तू एक कर. तिकडे शिवणीचा तुकडा असला तं पुढच्या बसनं धाड, बैल काढून, कान सोडून. आणि तो वीरेंद्र, ज्यानं आपली मान उसनी दिली, त्याले दिवाळीले घेऊन ये. तू लिहू नको म्हटलं होतं, पण लिहिते अंजना, मी तं निरक्षर बाई.

मयुरी मघाशी इच्चारून राह्यली होती, आजी, याले त्या कानानं ऐकू येते का? म्या म्हटलं, येते बाई. आबांइतकंच येते. जे पाहिजे तेवढं.

तुही आजी,
रुख्माबाई